तिरके पट्टे

थोरल्यांचं पत्र आलं तेव्हा धाकटे मैदानाच्या कोपऱ्यात झेंड्याची काठी रोवत होते. क्लबच्या शिपायानं पाकीट हातात दिलं. धाकट्यांनी हात पँटला पुसले, पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि ते न फोडताच खिशात टाकलं. घरी जाऊन, हातपाय धुऊन, चष्मा लावून मग वाचलं. थोरल्यांचा फुटबॉल क्लब त्यांच्या विभागाचा विजेता झाला होता. त्यांच्या मैदानाला उत्तम मैदानाचं बक्षीसही मिळालं होतं. आणि शेवटी एक ओळ होती : ‘तुझं मैदान कसं आहे, दादा? सविस्तर कळव. खरंच विचारतोय.’

धाकट्यांच्या डोक्यात ती ओळ कुसळासारखी रुतली. बक्षीस मिळालेल्यानं न मिळालेल्याला विचारायचं, कसं काय चाललंय. वर पुन्हा ‘खरंच विचारतोय’. म्हणजे एरवी खोटं विचारतोस की काय?

उत्तर लिहायचं त्यांच्याकडून राहिलं नाही, त्यांनी ते लिहिलंच नाही. आधी म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. मग म्हणाले, आता एवढ्या उशिरा काय लिहायचं. पुढे उशीर इतका झाला की आधी उशिराबद्दलच एक पत्र लिहावं लागलं असतं.

धाकटे आणि थोरले हे एकमेकांचे साडू. दोघंही मैदानं राखणारे, आणि दोघांचाही गुरू एकच, तो म्हणजे त्यांचा सासरा. सासरेबुवा धाकट्यांच्या या क्लबच्या मैदानाचे मुख्य माळी होते. त्यांच्या हाताखाली धाकटे आधी लागले, थोरले नंतर. वयानंही धाकटेच मोठे. तेव्हा थोरले त्यांना दादा म्हणायचे, त्यांच्यामागून फक्कीचा डबा घेऊन फिरायचे आणि रेषा वाकडी आली की धाकट्यांचं बोलणं खाली मान घालून ऐकायचे.

मग एक दिवस रूळ ओढता ओढता सासरेबुवांनी धाकट्यांना विचारलं, “आमच्या थोरलीसाठी तुझा विचार आहे. काय म्हणतोस?”

धाकटे आधीच लाजाळू. कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, “विचार करून सांगतो.”

त्यांचा विचार चालू असतानाच सासरेबुवांनी दुसऱ्याला विचारलं. तो तिथल्या तिथे हो म्हणाला. धाकट्यांना मग धाकटी मिळाली. संसार सुखाचा झाला, तिच्याबद्दल त्यांची तक्रार कधीच नव्हती. पण लग्नाच्या मांडवातून बाहेर पडले ते कायमचे धाकटे जावई होऊन. वयानं लहान, कामात कच्चा, तो थोरला. आणि हे धाकटे. घरात जेवायला बसताना पाट आधी थोरल्यांना. सासरेबुवांनी थोरल्यांना बजावलं होतं, “थोरल्यानं धाकट्याला दादा म्हणायचं नसतं. चारचौघांत बरं दिसत नाही.” तेव्हापासून घरात दोघं एकमेकांना अहो-जाहो करायचे. मैदानावर कुणी नसलं की मात्र थोरल्यांच्या तोंडून पुन्हा ‘दादा’ निघायचं. धाकट्यांना ते दयेपोटी फेकलेल्या तुकड्यासारखं वाटे.

पुढे थोरल्यांना सरहद्दीपलीकडच्या एका मोठ्या क्लबानं बोलावलं. तिथेही ते तिथल्या तिथे हो म्हणाले.

हे सगळं जुनं झालं होतं. पण यंदा धाकट्यांच्या क्लबानं चमत्कार केला. कधी नव्हे तो विभागाचा विजेता झाला, आणि विभागविजेत्या क्लबांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पडत-धडपडत उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथे गाठ पडली ती नेमकी थोरल्यांच्या क्लबाशी. एक सामना त्यांच्याकडे, एक आपल्याकडे.

पहिला सामना धाकट्यांनी टीव्हीवर पाहिला. खुर्ची इतकी पुढे ओढून बसले की बायकोला फक्त त्यांचं टक्कल दिसत होतं.

“जरा बाजूला सरका. काय गालिचा केलाय हो भाऊजींनी.”

“लांबून सगळंच हिरवं दिसतं.”

“आपलं का नाही दिसत मग लांबून?”

“आपल्याकडे कॅमेरे साधे असतात.”

“कॅमेरे स्पर्धेवाल्यांचेच असतात सगळीकडे. आणि गवताला कॅमेरा काय करणार?”

टीव्हीवरचा बोलणारा म्हणत होता, हे मैदान नव्हे, इस्त्री केलेली चादर आहे. आणि खरंच, चेंडू असा घरंगळत होता की जणू त्याला आधीपासून वाट माहीत होती. काठाकाठानं एक काटकुळा माणूस हात मागे बांधून चालताना क्षणभर दिसला.

“ते बघा भाऊजी. वाळलेत किती.”

“वाळणार नाही तर काय. बक्षिसं उचलून उचलून.”

“स्कोअर काय झाला?” बायकोनं विचारलं.

धाकट्यांना ते माहीत नव्हतं. सामना बरोबरीत सुटल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी क्लबात गेल्यावर कळलं.

आता दुसरा सामना आपल्याकडे. बायकोच्या ताईचा, म्हणजे थोरलीचा, फोन आला : थोरले संघाबरोबर येणार, मैदान बघून बुटांचे खिळे कुठले लावायचे ते सांगायला, आणि तीही येणार. बायको हरखली. तिनं पडदे धुवायला काढले. धाकट्यांना मात्र एकच दिसत होतं. थोरले आपल्या मैदानावर उभे आहेत आणि त्यांच्या तोंडून शब्द निघतोय की दादा, तुझं मैदान माझ्यापेक्षा सरस आहे. एकदा. फक्त एकदा हे ऐकू आलं की झालं. सामना कोणीही जिंको.

आणि मैदान खरंच चांगलं होतं. धाकट्यांना स्वतःच्या अक्षराबद्दल, बोलण्याबद्दल, चेहऱ्याबद्दल शंका होत्या. गवताबद्दल फारशा नव्हत्या. पण चांगलं असणं वेगळं आणि थोरल्यांच्या डोळ्यांत भरणं वेगळं. इस्त्रीची चादर बघून आलेल्या माणसाला साधं चांगलं गवत काय दिसणार?

मैदानावर जे गडद-फिके पट्टे दिसतात ते काही रंगवलेले नसतात. गवत कापायच्या यंत्रामागे रूळ असतो, त्यानं पात्या एका बाजूला झोपतात. आपल्याकडे झोपलेल्या पात्या गडद दिसतात, आपल्यापासून लांब झोपलेल्या उजळ. पट्टे कुठल्या दिशेनं मारायचे हे यंत्र चालवणाऱ्याच्या हातात. सासरेबुवांचा दंडक होता : पट्टे गोलरेषेला समांतर, सरळ. “पट्टा शोभेसाठी नाही रे. लाइनमन ऑफसाइड बघताना नकळत पट्ट्याच्या कडेचा आधार घेतो. त्याची ती फूटपट्टी आहे.” स्पर्धेच्या नियमांतही तेच होतं. पाहणीचे साहेब येऊन मैदान पास करून गेले तेव्हा पट्टे सरळच होते.

साहेब गेले आणि धाकट्यांनी चौकटीचा कागद काढला. पट्टी, पेन्सिल, खोडरबर घेऊन ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांनी एका बागेचा फोटो पाहिला होता. दोन्ही बाजूंनी तिरके पट्टे, एकमेकांत विणलेले, चटईसारखे. ते जमायला हात लागतो. थोरल्यांच्या हातून ते कधीच झालं नसतं; थोरल्यांची सरळ रेषासुद्धा धाकट्यांनीच सरळ केली होती.

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून ते यंत्र चालवत होते. संपवून स्टँडच्या वरच्या पायरीवर जाऊन पाहिलं, तर आपण केलंय यावर त्यांचाच विश्वास बसेना. क्लबचे सेक्रेटरी धावत आले.

“अहो, हे काय केलंत! पाय ठेवायची भीती वाटते. टीव्हीवर काय दिसेल हे!”

“नियमात... म्हणजे पट्टे सरळ असावेत असं...”

“नियम पाहणीपुरते. पाहणी झाली.”

दुपारी पाहुण्या संघाची बस आली. खेळाडू उतरले, मग पिशव्या उतरल्या, सगळ्यांत शेवटी थोरले. केस पांढरे झाले होते, एक गुडघा जपत चालत होते. धाकटे पुढे झाले, पण थोरल्यांनी आधी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. कडेला बूट काढले, अनवाणी आत गेले, खाली बसले आणि अंगठा गवतात दाबला. मग नखानं थोडी माती उचकटली.

“मुळं धरलीत,” थोरले म्हणाले.

“हं.”

“खोल गेलीत का रे? किती?”

“गेली असतील.” धाकट्यांचं लक्ष मुळांत नव्हतं. हा माणूस मान वर करून नक्षीकडे कधी बघतो याची ते वाट बघत होते.

“माझ्याकडे हे असं...” थोरले बोलू लागले तेवढ्यात सेक्रेटरी मध्ये घुसले.

“काय मग, कशी वाटली आमची चटई?”

थोरले उठले, गुडघा चोळत त्यांनी सगळं मैदान एकदा नजरेखालून घातलं. “सुंदर आहे,” ते म्हणाले. सेक्रेटरी खूश होऊन बसकडे गेले. थोरल्यांनी आवाज खाली आणला. “दादा, लाइनमनला जड जाईल हे.”

झालं. धाकट्यांच्या छातीत गुदगुल्या झाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बोलायला दुसरं काही सापडलं नाही म्हणून लाइनमन आठवला.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, “जळले.”

“काय जळलं? पडदे?”

“भाऊजी जळले तुमचे. नक्षी बघून.”

बायको हातातलं टाकून त्यांच्याकडे बघत राहिली. “भाऊजी? आणि तुमच्यावर?” आणि तिला हसू आलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्या हसण्यानं धाकट्यांची गुदगुली तिथेच बसली.

सामना दुपारचा होता. सकाळी धाकटे मैदानावर गेले आणि यंत्राच्या मुठीवर हात ठेवून उभे राहिले. पट्टे सरळ करायला वेळ भरपूर होता. थोरले म्हणाले ते खरं आहे, हे त्यांना कालच कळलं होतं. सासरेबुवांचा आवाजच जणू थोरल्यांच्या तोंडून आला होता. पण त्यातच तर गोम होती. आता पट्टे सरळ केले तर थोरले येऊन बघणार, आणि काही न बोलता मान हलवणार. धाकट्यानं थोरल्याचं ऐकलं, असं होणार. उभ्या जन्मात मैदानावरची एक गोष्ट तरी आपण त्याला शिकवली होती. आता तो येऊन आपल्याला शिकवून जाणार.

वरती स्टँडमध्ये फोटोवाले नक्षीचे फोटो काढत होते. धाकट्यांनी यंत्र ढकलत शेडमध्ये नेलं आणि कडी घातली.

पंचांनी मैदानावर पाऊल ठेवलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली. ते त्यांच्या परक्या भाषेत काहीतरी बोलले.

“छान दिसतंय म्हणतायत,” सेक्रेटरींनी सांगितलं. सेक्रेटरींना ती भाषा येत नव्हती.

सामना चांगला झाला. निदान लोक तसं म्हणाले. धाकटे आपल्या नेहमीच्या जागी, शेडजवळच्या बाकावर बसले होते. थोरले पाहुण्यांच्या बाकामागे उभे होते. दुसऱ्या अर्ध्यात आपल्या संघाच्या उजव्या बगलेच्या पोरानं लांब चेंडू टाकला. पुढचा गडी त्यांच्या बचाव फळीच्या मागून सुसाट सुटला आणि गोलकीपरला बगल देऊन चेंडू जाळ्यात टाकला. सगळं स्टँड उभं राहिलं. आणि लाइनमनचा झेंडा वर होता.

ऑफसाइड.

धाकट्यांनी झेंड्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं ते लाइनमनच्या पायांसमोरच्या पट्ट्याकडे. पट्ट्याची कड तिथून तिरकी निघून थेट त्या पुढच्या गड्याच्या उभं राहण्याच्या जागेच्या अलीकडून गेली होती. त्या कडेच्या हिशेबानं गडी पुढे होता. खऱ्या हिशेबानं, शेवटच्या बचाववाल्याच्या हातभर मागे. धाकट्यांनी नजर उचलली तर मैदानाच्या पलीकडून थोरले लाइनमनकडे नाही, त्यांच्याकडेच बघत होते. मग थोरल्यांनी मान वळवली.

शेवटी शेवटी पाहुण्यांनी एक गोल केला आणि सामना संपला. क्लब स्पर्धेबाहेर.

संध्याकाळी थोरले आणि ताई जेवायला आले. सेक्रेटरीही आले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. टीव्हीवर तो गोल पुन्हा पुन्हा दाखवत होते. खेळाडू मागेच होता हे आता साऱ्या जगाला दिसत होतं.

“डोळे आहेत की बटणं!” सेक्रेटरी ताटावर हात आपटत म्हणाले. “त्या लाइनमनला जन्मभर मैदानावर उभं करू नये. तुम्हीच सांगा, तुम्ही तर त्यांच्या बाजूचे. होता का ऑफसाइड?”

धाकट्यांनी हातातला घास ताटात ठेवला. आता. आता हा बोलणार, बायकोसमोर, मेहुणीसमोर, सेक्रेटरीसमोर.

“नव्हता,” थोरले म्हणाले. “चुकलं त्याचं. होतं कधी कधी.” आणि त्यांनी आमटीची वाटी पुढे केली. “वाढ गं छोटे जरा.”

एवढंच. धाकट्यांना हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्यांना वाटलं, हेसुद्धा याच्याकडेच. बक्षीस याच्याकडे, जिंकलेला क्लब याच्याकडे, पाट आधी याला. आणि आता मोठं मन तेही यालाच. आपल्या वाट्याला काय आलं, तर त्यानं झाकलेली चूक. गप्प बसण्यातही थोरलेच थोरले.

जेवणं झाल्यावर थोरले आणि सेक्रेटरी बाहेर खुर्च्या टाकून बसले. धाकटे पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरले. तिथे दोघी बहिणी भांडी पुसत होत्या.

“तुम्ही पत्राला उत्तर का नाही पाठवलंत हो?” ताईनं सरळच विचारलं. “वाट बघायचे. महिनेच्या महिने. मी म्हटलं, दुसरं लिहा. तर म्हणाले, दादा विचार करून लिहील.”

धाकटे पेला हातात घेऊन उभे राहिले. “त्यांना काय कमी आहे माझ्या उत्तराचं? एवढं मैदान...”

“कसलं मैदान? चारी बाजूंनी भिंती आणि वर छप्पर. ऊन म्हणून पडत नाही. रात्रंदिवस दिवे लावून ठेवतात गवतावर, आजाऱ्यासारखे. तरी धरत नाही. मग दुसऱ्या गावाहून तयार गवताच्या गुंडाळ्या आणतात आणि अंथरतात, चादरीसारख्या. पाऊल जोरात दाबलं की सरकतं.” ताईनं फडकं झटकलं. “ते बक्षीस मिळालं ना, ते गवत महिनाभरापूर्वी अंथरलेलं होतं. बक्षीस घेऊन घरी आले आणि त्याच दिवशी तुम्हाला पत्र लिहायला बसले. कालपासून एकच चाललंय, दादाच्या मैदानाची मुळं बघ, दादाच्या मैदानाची मुळं बघ. मी काय बघू मुळं?”

नवऱ्याकडे बघून बायकोनं एक ताट दुसऱ्यांदा पुसलं.

धाकट्यांना आपली फसवणूक झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मनापासून जळलो, आणि ज्याच्यावर जळलो ते गवत विकतचं निघालं. बरं, ज्या वाक्याची ते इतके दिवस वाट बघत होते ते थोरल्यांनी काल म्हणायला घेतलंच होतं. ‘माझ्याकडे हे असं...’ ते पुढे ‘नाही’ असं होतं. आणि त्या वेळी आपण नक्षी बघत होतो.

बाहेर जाऊन ते थोरल्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. बोलायचं बरंच होतं. सेक्रेटरी लाइनमनच्या घराण्याचा उद्धार करत होते. धाकट्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, “गुडघ्याला काय लावता?”

“तेल,” थोरले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बस गेली. धाकट्यांनी पट्टे सरळ केले, घरी आले, जेवले आणि कागद घेऊन टेबलाशी बसले.

“कुणाला?” बायकोनं विचारलं.

“थोरल्यांना.”

“अगंबाई. काल तर होते इथे.”

“काल सेक्रेटरी होते.”

त्यांनी उशिराबद्दल काही लिहिलं नाही. लिहिलं ते असं : ‘माझं मैदान बरं आहे. मुळं वीतभर खोल आहेत, मी आज खणून बघितली. तो ऑफसाइड नव्हता, माझे पट्टे होते. तू कुणाला सांगितलं नाहीस याचा मला राग आला आहे. तो जाईल तेव्हा जाईल.’ मग माती कधी भुसभुशीत करायची, वाळू किती मिसळायची, गवत किती उंच ठेवायचं हे सगळं त्यांनी सविस्तर लिहिलं. दोन पानं भरली. खाली सही केली.

सही केली आणि पेन खाली ठेवलं नाही. एक गोष्ट राहिली होती. थोरले परमुलखात गेल्यावर, अगदी शेवटच्या दिवसांत सासरेबुवांनी ती एकट्या धाकट्यांना सांगितली होती. थोरल्याकडे नसलेलं, आपल्याचकडे असलेलं, एवढं एकच होतं. ते नाही लिहिलं तरी पत्र पुरं होतं. कुणाला कळणारही नव्हतं.

पेनमधली शाई निबावर वाळली. त्यांनी ती झटकली, आणि सहीच्या खाली, बारीक अक्षरात, जणू जागा पुरत नसल्यासारखं लिहिलं :

‘पाणी रोज थोडं थोडं देऊ नकोस, मुळं आळशी होतात. एकदम भरपूर दे आणि मग थांब. चालून जा आणि मागे बघ. गवत उठलं तर थांब अजून. पावलाचा ठसा तसाच राहिला तरच पाणी. हे मामांनी मला सांगितलं होतं, तुला नाही.’

ते शेवटचे शब्द खोडावेत का, याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला. खोडले नाहीत.

पाकीट चिकटवून ते चपला अडकवून निघाले ते कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत कुणाशी न बोलता गेले. मध्ये थांबलो तर परत फिरू, हे त्यांना ठाऊक होतं. पेटीच्या तोंडाशी हात आत घालून त्यांनी पाकीट सोडलं. ते खाली पडल्याचा आवाज आला, आणि पहिली गोष्ट धाकट्यांच्या मनात आली ती ही, की आता त्याचंही मैदान चांगलं होणार.